डिस्क वापरात आहे

७ जानेवारी, मंगळवार

ही वही ह्यांनी आणून दिली. म्हणाले, दवाखान्यातलं जे काही मला रोज जेवताना सांगतेस ते आता यात लिही, माझा घास तरी नीट उतरेल. मी वही घेतली, पण वेगळ्या कारणासाठी. उद्या काही झालं आणि कुणी विचारलं, तर तारीखवार लिहिलेलं असावं. तोंडी गोष्टीला कुणी भीक घालत नाही.

आज घडलं ते असं. साडेचारला निघताना माझी हार्ड डिस्क कॉम्प्युटरमधून निघेना. 'इजेक्ट' दाबलं की पाटी यायची: हे उपकरण वापरात आहे, ते वापरणारे प्रोग्रॅम बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. मी होतं नव्हतं ते सगळं बंद केलं. पडद्यावर एकही खिडकी उरली नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. वापरात आहे.

कुणाच्या वापरात? खोलीत मी एकटी होते.

डिस्क साधी नाही. ज्यांच्या घशाचा कॅन्सर वाढलेला असतो आणि स्वरयंत्र काढायचं ठरलेलं असतं, अशा पेशंटचा आवाज ऑपरेशनच्या आधी मी रेकॉर्ड करून ठेवते. माझं काम त्यांना ऑपरेशननंतर पुन्हा बोलायला शिकवण्याचं; हे रेकॉर्डिंग मात्र अकरा वर्षं करते आहे. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच सुरू केलं. एकशे त्रेचाळीस आवाज आहेत. त्यांतले कितीतरी लोक आता नाहीत. जे आहेत, त्यांच्या गळ्याला भोक आहे आणि आवाज माझ्या डिस्कमध्ये आहे. म्हणून ती मी कपाटात ठेवत नाही. सकाळी पर्समधून आणते, संध्याकाळी पर्समधून नेते.

मामा खोलीला कुलूप लावायला किल्ल्या घेऊन उभे होते. मामा म्हणजे आमच्या मजल्याचे सफाईवाले. म्हणाले, "कॉम्प्युटरच बंद करा ना मॅडम, मग निघेल." तसं केलं आणि निघाली. पण पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

८ जानेवारी, बुधवार

आज एका झटक्यात निघाली.

१० जानेवारी, शुक्रवार

आज परत अडली. आणि आज दुपारी दोन ते साडेतीन माझ्या कॉम्प्युटरवर नवी बसली होती.

नवीबद्दल लिहून ठेवायला हवं. ती सप्टेंबरमध्ये आली. वय बत्तीस-तेहेतीस, शिकलेली माझ्यापेक्षा जास्त. मार्चअखेर मी निवृत्त होणार, तिथे ती बसणार. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. जागा काही माझ्या माहेरची नाही. पण पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "मॅडम, या डिस्कची दुसरी प्रत कुठे असते?" मी म्हटलं, नसते. तर म्हणे, "मग एक करून ठेवू या का?" मी म्हटलं, नंतर बघू. तेव्हापासून तिने पुन्हा विषय काढला नाही. हेच मला खटकतं. ज्याला खरंच काळजी असते तो दुसऱ्यांदा विचारतो.

प्रिंटर माझ्या कॉम्प्युटरला जोडलेला, म्हणून रिपोर्ट काढायला ती मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्या खुर्चीत बसते. मंगळवार आणि शुक्रवार. मी ओळीखाली रेघ मारून ठेवते.

१३ जानेवारी, सोमवार

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. सगळ्या दवाखान्याला तो एकटाच, त्यामुळे उपकार केल्यासारखा येतो. म्हणाला, व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम डिस्क तपासत बसतो, त्यानेही अडते. त्याने ती तपासणी बंद करून टाकली. मग म्हणाला, "नाहीतर तुमच्या डिस्कवरची एखादी फाइल कुणीतरी उघडून ठेवलेली असते. ती बंद झाल्याशिवाय डिस्क सुटत नाही."

मी विचारलं, कुणीतरी म्हणजे? तो म्हणाला, म्हणजे एखादा प्रोग्रॅम. पण आधी त्याच्या तोंडून 'कुणीतरी' आलं होतं. माणसाच्या तोंडून पहिल्यांदा निसटतं तेच खरं असतं.

जाताना बजावून गेला, काही झालं तरी ओढून काढू नका. लहान पोराला सांगावं तसं.

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी मी डिस्क लावत होते तेव्हा मामा बादली घेऊन आले. "आज राउंड ना मॅडम?" मंगळवारी आणि शुक्रवारी साडेनऊ ते अकरा मी मोठ्या डॉक्टरांबरोबर वॉर्डात असते, तेवढ्यात ते खोली पुसून घेतात. पाय पडत नाहीत, फरशी छान वाळते. अशी माणसं आता मिळत नाहीत. मी त्यांच्या बायकोची चौकशी केली. ती आमचीच पेशंट, दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. म्हणाले, बरी आहे, पाटीवर लिहिते. मी म्हटलं, बोलायला शिकायला परत आणा तिला, अर्ध्यावर सोडलं तुम्ही. ते म्हणाले, तिला नको आहे. मग फरशीकडे बघत राहिले.

दुपारी नवी दोन तास बसली. साडेचारला डिस्क अडली. व्हायरसवाल्या प्रोग्रॅमचा काही संबंध नव्हता हे सिद्ध झालं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज दोन पुरावे सापडले.

पहिला. पेशंटला ऐकवायचे मोठे हेडफोन खुंटीवर असतात. कानाला लावून बघितले तर गळ्यात आले. वरची पट्टी दोन्हीकडून दोन-दोन घरं ओढून मोठी केलेली. माझं डोकं सगळ्यांत मोठं, असं हे नेहमी म्हणतात, आणि मलाही एवढी लागत नाही. नवी अंबाडा घालते, त्यामुळे तिला लागत असणार. आणि हेडफोनला फिनेलचा वास येत होता. म्हणजे वापरून झाल्यावर पुसून ठेवतात. बोटांचे ठसे जावेत म्हणून! किती पुढचा विचार.

दुसरा. डिस्क अडल्यावर कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. त्याने फोनवरूनच एक यादी उघडायला सांगितली, आत काय काय चालू आहे त्याची. तिच्यात गाणी लावायचा प्लेअर निघाला. मी तो कधीच वापरत नाही, माझा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम वेगळा. तो म्हणाला, या प्लेअरच्या खिडकीवर फुली मारली तरी तो बंद होत नाही, खाली घड्याळाशेजारी जाऊन बसतो आणि फाइल हातात धरून ठेवतो. "ज्याला हे माहीत नसतं त्याला वाटतं, आपण बंद केलं." यादीतून मी त्याला संपवलं आणि डिस्क निघाली.

म्हणजे माझे आवाज कुणीतरी ऐकतं. फुली मारून सभ्यपणे निघून जातं.

१८ जानेवारी, शनिवार

ह्यांना सांगितलं. वहीत लिहिलं तरी सांगितल्याशिवाय राहवेना. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, तिला विचार की सरळ. ऐकतेस का म्हणून."

मी म्हटलं, चोराला कुणी विचारतं का, चोरी केलीस का म्हणून. तर म्हणतात, "पण चोरीला काय गेलंय?" मी उठून स्वयंपाकघरात गेले. पण उत्तर आहे. ती पेपर लिहील. अकरा वर्षं मी गोळा केलं, ती तीन महिन्यांत परिषदेत उभी राहून वाचून दाखवील, आणि खाली बसलेले लोक टाळ्या वाजवतील. आयत्या बिळावर नागोबा.

२१ जानेवारी, मंगळवार

पहाटेपासून ठरवलं होतं. राउंडला जाण्याआधी मामांना आत घेतलं, दार लोटलं आणि सांगितलं, की मंगळवार-शुक्रवार माझ्या डिस्कवरचे आवाज कुणीतरी चोरून ऐकतंय. माझा नवीवर संशय आहे. तुम्ही सगळीकडे फिरता, जरा लक्ष ठेवा तिच्यावर.

मामा हातातलं फडकं पिळत राहिले, त्यात पाणी नव्हतं तरी. मग म्हणाले, "त्या तशा नाहीत मॅडम." मी म्हटलं, तुम्ही साधे आहात, तुम्हाला सगळेच तसे नसतात. विचारलं, ठेवाल ना लक्ष? त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

आणि आज डिस्क चटकन निघाली! मंगळवार असून. नवी दोन तास बसूनही. हेडफोनची पट्टीसुद्धा जागेवर. म्हणजे तिला वास लागला. मी फक्त मामांना बोलले होते. ते सांगायला जाणार नाहीत, मग तिने दाराशी ऐकलं असावं.

निघताना प्रिंटरच्या ताटलीत एक कागद राहिलेला दिसला. पान दुसरं. वर लिहिलं होतं, "मॅडमच्या सेवानिवृत्तीनंतर आवाजसंग्रह पुढे चालू ठेवण्यासाठी..." आणि खाली नवीची सही. पहिलं पान नव्हतं. मी घडी घालून पर्समध्ये टाकलं. बाकी काही सांगायची गरज उरली नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

जेवण न करताच लिहायला बसले आहे.

दुपारी कॅन्टीनला जाते म्हणून सांगितलं आणि पंधरा मिनिटांत परत आले. नवी माझ्या खुर्चीत. कॉम्प्युटरला माझी डिस्क लावलेली, आणि शेजारी दुसरी डिस्क, चकचकीत, नवी कोरी. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती आणि खाली आकडे. एकशे नऊ, एकशे दहा.

मी विचारलं, काय चाललंय? ती दचकली, पण उठली नाही. म्हणाली, "मॅडम, मी सांगणारच होते. प्रत होते आहे, सहा-सात मिनिटं थांबा, मग सगळं सांगते." थांबा म्हणे! मी डिस्कची वायर धरली. ती ओरडली, "ओढू नका, मॅडम, चालू आहे." मी ओढली.

मग मी तिला बरंच बोलले. शेजारच्या खोलीतले पेशंट बाहेर आले. मामा दारात उभे होते, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. नवी एकदाच म्हणाली, "सरांना विचारा." सर, म्हणजे मोठे डॉक्टर, बुधवारपर्यंत बाहेरगावी आहेत. सोयीचं उत्तर. मी थेट अधीक्षकांकडे गेले आणि लेखी तक्रार दिली. प्रिंटरचा कागद जोडला. तारखा या वहीतून उतरवून घेतल्या. अधीक्षक म्हणाले, चौकशी होईपर्यंत तिला मागच्या इमारतीत, नोंदणी खिडकीवर बसवतो.

वहीचा उपयोग झाला.

२५ जानेवारी, शनिवार

घरच्या कॉम्प्युटरला डिस्क लावली. विचारतो, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?

नाही म्हटलं. काढली, लावली. परत तोच प्रश्न. ह्यांच्या जुन्या लॅपटॉपला लावली. तिथेही तेच. ह्यांनी माझ्या हातातून डिस्क काढून घेतली आणि म्हणाले, आता पुरे. 

२९ जानेवारी, बुधवार

मोठे डॉक्टर आले. मला बोलावलं, बसा म्हणाले नाहीत. म्हणाले, प्रत करायला मी सांगितलं होतं. तुम्हाला सप्टेंबरपासून सांगतो आहे, तुम्ही 'बघू' म्हणता. तुम्ही दुखावू नये म्हणून तुम्ही नसताना कर असंही मीच म्हटलं, ते मात्र चुकलं.

मग त्यांनी त्या अर्जाचं पहिलं पान समोर ठेवलं. संग्रहासाठी स्वतंत्र कॉम्प्युटर हवा, कुलपाचं कपाट हवं, आणि ज्यांनी तो उभा केला त्या मॅडमना निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस मार्गदर्शनाला बोलवावं, त्यांच्याशिवाय तो चालणार नाही. मी वाचलं. मला विचारायचं तरी, असं ओठावर आलं होतं. मग आठवलं की दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा तिने विचारलं होतं, मार्चनंतर येत जाल का मॅडम. मला वाटलं होतं, मी कधी जाते ते काढून घेते आहे.

पण मी डॉक्टरांना एक गोष्ट सांगितलीच. प्रत करणं ठीक, पण हेडफोन? प्लेअर? दर मंगळवारी-शुक्रवारी आवाज कोण ऐकत होतं? ते म्हणाले, ते मला माहीत नाही, आणि तुमची डिस्क त्या ऐकणाऱ्यानं बिघडवलेली नाही.

डिस्क कॉम्प्युटरवाल्याकडे दिली. त्याचा एक मित्र अशा मेलेल्या डिस्कमधून काढतो म्हणे. नवीची प्रत एकशे नऊपर्यंत शाबूत आहे. पुढचे चौतीस.

३० जानेवारी, गुरुवार

दुपारी मामा आले. बादली, फडकं काही नव्हतं हातात. दारातच उभे राहिले. मी म्हटलं, काय मामा?

"एकशे अठरा आहे का, मॅडम?"

मला आधी कळलं नाही. कोणता नंबर कुणाचा, त्याचं रजिस्टर मी ओढलं. ते म्हणाले, "बघू नका. माझी बायको आहे ती. एकशे अठरा नंबर."

मग सांगितलं. राउंडला मी गेले की ते दार लोटून घ्यायचे, हेडफोन लावायचे आणि ऐकायचे. चार मिनिटं, मग खोली पुसायची. दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड झाल्यावर मी तिला लावून दाखवलं होतं, तेव्हा शेजारी उभं राहून बघून ठेवलं होतं. मग फुली मारायची आणि हेडफोन पुसून ठेवायचे, कारण हाताला फिनेल असायचं. आधी महिन्यातून एकदा ऐकायचे. नव्या वर्षात सवय वाढली. गेल्या आठवड्यात मंगळवारी मी 'लक्ष ठेवा' म्हटलं त्या दिवशी ऐकलं नाही, शुक्रवारीही नाही.

मी विचारलं, तुम्हाला घरी प्रत दिली होती ना, पेन ड्राइव्हवर? सगळ्यांना देते.

"तिनं कचऱ्यात टाकली. पाटीवर लिहिलं, ती बाई मेली, तिचा आवाज माझ्या घरात नको. मी तिला सांगू शकत नव्हतो, मला हवा आहे म्हणून. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही तिच्याजवळ बोलला असता."

खरं आहे. बोलले असते.

मग मला ते रेकॉर्डिंग आठवलं. मी सगळ्यांना एक कागद देते, आकडे, वार, घरातल्यांची नावं. तिने दोन ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवला. मामा कोपऱ्यात रडकुंडीला आले होते. ती त्यांच्याकडे वळली आणि रागवायला लागली. ओला टॉवेल गादीवर टाकता, का? गोळ्या वेळेवर घेत नाही, का? माणसात बोलायला पुढे होत नाही, मी नसले की तुमचं कसं व्हायचं. थांबवायचं मला सुचलं नाही, सगळं रेकॉर्ड झालं.

मामा म्हणाले, "आता घरात कुणी रागवत नाही हो, मॅडम." मग म्हणाले, "मी त्या मॅडमचं नाव निघालं तेव्हाच बोलायला हवं होतं. तिथे नोंदणीच्या खिडकीवर त्या बसल्यात, मी रोज त्यांच्यासमोरून जातो. माझी तक्रार लिहा."

मी म्हटलं, जा तुम्ही मामा. त्यांच्यावर रागवावं असं मनात होतं, पण ते जमलं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

तक्रार मागे घेतली, लेखी. अधीक्षकांनी विचारलं, मग आवाज कोण ऐकत होतं? मी लिहून दिलं की माझा समज चुकीचा होता, कुणीही ऐकत नव्हतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं हे पहिलं खोटं. सही करताना काहीच वाटलं नाही.

नवी सोमवारी परत येईल. मागच्या इमारतीत जाऊन तिला भेटले. खिडकीसमोर रांग होती, म्हणून मीही रांगेत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर म्हटलं, माझं चुकलं. एवढंच जमलं. मागची बाई मला ढकलत होती. नवी म्हणाली, "मॅडम, माफी राहू द्या. मला रजिस्टर द्या. नंबर आहेत, पण कुणाचा कोणता, ते फक्त तुम्हाला माहीत आहे."

खरं म्हणजे कपाट, किल्ली, रजिस्टर कुणाला द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. ते ठरवलेलं होतं हे मला तिथे उभी असताना कळलं. मी रजिस्टर पर्समधून काढून दिलं. पुढचा नंबर म्हणून तिने हाक मारली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कॉम्प्युटरवाल्याचा मित्र चांगला निघाला. चौतिसांतले सत्तावीस परत आले. सात नाहीत. नवीने यादी केली, मला दाखवली. मी बोट ठेवत ठेवत खाली गेले. एकशे सोळा आहे. एकशे सतरा आहे. एकशे अठराची नुसती चौकट आहे, आत काही नाही.

सातांतले चार वारले आहेत. त्यांच्या घरी मी फोन केले. दोघांकडे पेन ड्राइव्ह होता, सापडला. दोघांनी नंतर बघतो म्हटलं. हयात तिघांपैकी दोघांच्याही घरी प्रत मिळाली. मामांच्या घरी फोन करून उपयोग नव्हता.

मामांना सांगितलं. ते म्हणाले, बरं. आणि पुसत राहिले. जिना तिसऱ्यांदा पुसत होते.

८ फेब्रुवारी, शनिवार

मामांना न सांगता त्यांच्या घरी गेले. ते कामावर होते. ह्यांनी सोबत येऊ का विचारलं, मी नको म्हटलं.

दोन खोल्या, लखलखीत. तिने गळ्यावर पांढरा रुमाल बांधला होता. मला बघून तिला वाटलं, मामांना काही झालं. आधी ते निस्तरलं. मग मी सगळं सांगितलं, आवाज ठेवला होता, बिघडला, माझ्या हातानं बिघडला. तिने पाटीवर लिहिलं, 'बरं झालं.'

मग मी तेही सांगितलं जे सांगायचं नव्हतं. की मामा तो ऐकत होते. आठवड्यातून दोनदा, चोरून.

तिने माझ्याकडे बघितलं. खडू उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. 'काय ऐकत होते? त्यात मी रागावलेय नुसती.'

मी म्हटलं, हो. तेच.

तिने रुमालाची गाठ नीट केली. मग लिहिलं आणि पाटी माझ्याकडे न वळवता स्वतःसमोरच धरून ठेवली. मला वाकून वाचावं लागलं. 'मला वाटलं सुटले म्हणून खूश असतील. गप्प बसतात घरात. वाटलं, शांतता आवडली.'

मी तिला म्हटलं, अन्ननलिकेत हवा घेऊन बोलायची एक पद्धत आहे, तुम्ही सोडून दिली ती. मला ती कधी चांगली शिकवता आली नाही, हेही म्हटलं. आमच्याकडे आता एक जण आहे, तिला येते. आवाज गोड येणार नाही. पहिल्यासारखा तर मुळीच नाही.

तिने हाताने पाटी पुसली. चहा ठेवला. निघताना लिहून दिलं, 'ह्यांना सांगू नका.'

एका घरात दोघांनी एकमेकांना काही सांगायचं नाही, आणि दोघांनी मला सांगायचं. मला हसू आलं, मग आलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मामांची बायको सहा वेळा येऊन गेली. मामा दुपारच्या वेळी खालच्या मजल्यावर असतात, तेव्हा येते. नवी तिला आत घेते आणि दार लावून घेते. मला आत बसू देत नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "तुम्ही चेहरा पाडता मॅडम, पेशंटला कळतं." मी चेहरा पाडत नाही. दार लावून तिथे नक्की काय चालतं ते मला बघता येत नाही. पण मी बाहेरच्या बाकावर बसते, आणि रजिस्टरची नीट प्रत करते, नवीने सांगितलं तशी.

सुरुवात साध्या अक्षरांनी करतात. पा, टा, का. तोंडात हवा कोंडून ती खाली ढकलायची आणि परत आणायची. पहिल्या चार वेळा बाहेर नुसतं खोकल्यासारखं ऐकू यायचं.

आज खालच्या मजल्याचं पाणी गेलं होतं, म्हणून मामा बादली भरायला वर आले. मी उठून त्यांना परत पाठवणार, तेवढ्यात आतून आवाज आला. जड लाकडी टेबल फरशीवरून ओढावं तसा. मामांनी विचारलं, "कोण आहे आत?" मी म्हटलं, पेशंट आहे. त्यांनी बादली उचलली आणि निघाले. त्यांना ओळखू आला नाही. सांगायची मला मनाई होती.

आतून पुन्हा आला. या वेळी स्पष्ट. "का."

मामा थांबले. नळाकडे तोंड करूनच उभे राहिले. आतून नवीचा आवाज आला, छान, अजून एकदा. आणि तो दुसरा आवाज, घोगरा, ओबडधोबड, जोर लावून, रागवल्यासारखा, "का?"

मामांनी बादली खाली ठेवली. दाराजवळ गेले, पण दाराला हात लावला नाही. फडकं खांद्यावर टाकलं आणि बंद दाराला, घरातल्या घरात उत्तर द्यावं तसं, हळू म्हणाले, "काही नाही गं. इथंच आहे मी."